डागडुजीची वही

९ जून २०२४, रविवार

रविवारी सकाळी जुन्या ३२ बिटी लॅपटॉपवर ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा ताजा स्नॅपशॉट चढवायचा, हे आता घरच्यांनाही माहीत झालंय. सिसअपग्रेडची एक आज्ञा दिली की तो स्वतःच फाइली उतरवतो, सह्या तपासतो, रीबूट होतो, जुन्यावर नवं पसरतो आणि परत उभा राहतो. त्या जुन्या हार्डडिस्कवर या सगळ्याला चहा होऊन भाजी निवडून होईपर्यंत वेळ लागतो. तोवर मी आठवड्याभराच्या कमिटांची, म्हणजे कोडमधल्या बदलांची, यादी वाचते.

बाहेरच्या माणसाने ही यादी पाहिली तर त्याला वाटेल, इथे काहीच घडत नाही. कुठे मॅन्युअलमधलं उदाहरण लिहिल्याप्रमाणे चालत नव्हतं, ते नीट केलं. कुठे कुणी न वापरलेलं व्हेरिएबल काढलं. मेमरी मिळाली नाही तर पुढे काय, ही तपासणी राहून गेली होती, ती घातली. एखाद्या ड्रायव्हरमध्ये एकदा मोकळी केलेली जागा पुन्हा मोकळी होत होती, ते थांबवलं. बहुतेक नोंदींखाली दुसऱ्या कुणाचा तरी 'ओके' असतो. मॅन्युअलमधली चूक ही इथे कोडमधल्या चुकीइतकीच चूक धरतात, आणि मला या मंडळींकडे ओढून आणलं ते याच खोडीने.

१९९५ च्या ऑक्टोबरात थिओ डी राट यांनी नेटबीएसडीपासून वेगळं होऊन कॅनडात कॅल्गरीला हा संसार मांडला. तेव्हापासून साधारण दर सहा महिन्यांनी एक रिलीज, आकडा ०.१ ने पुढे. मोठं काही असो नसो, आकडा तेवढाच सरकतो. ७.५ एप्रिलमध्ये आलं, म्हणजे ७.६ दसऱ्याच्या आसपास.

लॅपटॉप उठला. उठल्यावर मागच्या मागे तो कर्नलचे तुकडे वेगळ्या क्रमाने पुन्हा जुळवत बसतो, पुढच्या बूटसाठी. २०१७ च्या ६.२ पासूनची ही सोय. एका मशीनवरचा पत्ता चोरला तरी दुसऱ्या मशीनवर तो कामाचा नाही. पंखा तेवढा बराच वेळ ओरडतो.

१६ जून, रविवार

एका छोट्या प्रोग्रामचा पिच्छा पुरवतेय. लॉगफाइलींची यादी करणारा प्रोग्राम आहे. नाव लिहीत नाही, लेखक भला माणूस आहे. ६४ बिटी मशीनवर सगळं ठीक. ३२ बिटी लॅपटॉपवर तारखा बरोबर, पण प्रत्येक फाइलचा आकार शून्य.

कुणीही आधी आकार मोजणाऱ्या कोडमध्येच शिरेल. तिथे काही नाही. मग छापणारी ओळ पाहिली. प्रिंटएफला आधी वेळ, मग आकार दिलेला, आणि वेळेसाठी लिहिलंय 'परसेंट एल डी', म्हणजे लाँग. ओपनबीएसडीत वेळ सगळीकडे ६४ बिटी, अगदी ३२ बिटी मशीनवरसुद्धा. २०१४ च्या ५.५ रिलीजपासून. पण या मशीनवर लाँग ३२ बिटीच. त्यामुळे स्टॅकवर वेळेचे आठ बाइट पडतात, प्रिंटएफ त्यातले पहिले चार उचलतो. या प्रोसेसरवर खालचा अर्धा भाग आधी असतो, म्हणून तारीख अचूक दिसते. मग तो आकार वाचायला पुढचे चार बाइट उचलतो, आणि ते असतात वेळेचाच उरलेला अर्धा भाग. शून्य. आकार बिचारा मागे तसाच पडून राहतो.

चूक तारखेची, आरोप आकारावर. आणि हा अर्धा भाग शून्यच राहणार, अगदी २०३८ च्या १९ जानेवारीला आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद होऊन गेल्यावरही. त्या क्षणी संपते ती फक्त ३२ बिटी चिन्हांकित वेळ. डेबियनवाले आपल्या ३२ बिटी एआरएमसाठी ६४ बिटी वेळेकडचं स्थलांतर यंदा करतायत, हजारो पॅकेजं पुन्हा बांधून. ओपनबीएसडीने ते २०१३ च्या ऑगस्टात उरकलं, तेव्हाही बाहेरच्या प्रोग्रामांना असेच पॅच लागले होते.

दुरुस्ती एका ओळीची: वेळ लाँग लाँगमध्ये बदलून 'परसेंट एल एल डी'. पण ती ओळ बदलून डिफ पाठवला तर काम अर्धंच झालं. ज्याने एकदा असं लिहिलं त्याने हाताच्या सवयीने आणखी कुठे तरी लिहिलेलं असतंच. ग्रेप लावला. होतं. एका ठिकाणी तर त्या जागेवर आकार नसून फाइलचं नाव होतं, म्हणजे शून्य पत्त्यावरून अक्षरं वाचायची. तिथपर्यंत अजून कुणी पोचलं नसणार, नाहीतर बोंब झाली असती. कंपाइलर मात्र प्रत्येक ठिकाणी इशारा देत होता. इशाऱ्यांचा तो ढीग इतका मोठा की त्यात हे कुणाच्या डोळ्यांना दिसणार?

डिफ पाठवला. उत्तर लगेच आलं: ३२ बिट अजून कोण वापरतं?

२३ जून, रविवार

भाचा राहायला आलाय, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाला, "मावशी, सीव्हीएस? गिट नाही? हे म्युझियममध्ये ठेवतात ना?"

म्हटलं, ठेवत असतील. पण १९९५-९६ मध्ये बाहेरच्या कुणालाही, पासवर्ड न देता, रोजचा जिवंत कोड इतिहासासकट पाहू देणारे ओपनबीएसडीवालेच पहिले. त्याआधी बाहेरच्यांच्या हाती मुख्यतः रिलीज पडायचं. कोणती ओळ का आली ते आतल्यांनाच ठाऊक. मग त्याला एका फाइलचा लॉग काढून दाखवला. प्रत्येक ओळीपुढे ती कोणी, केव्हा घातली. त्या आकड्यावरून मागे गेलं की कारण. तो गप्प होऊन वाचत बसला, हे विशेष. मग विचारलंन, "हे सगळं वाचायला वेळ असतो यांना?"

वेळ काढतात. १९९६ पासून ही मंडळी फाइल-दर-फाइल सगळं झाड वाचत आली आहेत. त्यांची पद्धत मला फार पटते: एखादा बग सापडला की तेवढाच मारायचा नाही, त्याची जात ओळखायची आणि त्या जातीचे बाकीचे सगळ्या झाडात शोधायचे. स्ट्रिंग कॉपी करताना जागा अपुरी पडते, ही अशीच एक जात. एकेक ठिकाण दुरुस्त करताना दिसलं की मुळात फंक्शनच असं आहे की नेहमीचा माणूस चुकणारच. म्हणून टॉड मिलर आणि डी राट यांनी १९९८ मध्ये स्ट्रएलकॉपी आणि स्ट्रएलकॅट ही नवी जोडी आणली. लिनक्सच्या ग्लिबसीने ती नाकारली, वर्षानुवर्षं वाद घातला आणि शेवटी २०२३ मध्ये २.३८ आवृत्तीत घेतली. पंचवीस वर्षं! इतक्या वेळात त्या वादावर डॉक्टरेट झाली असती.

१ जुलै, सोमवार

दोन्ही पालख्यांचा पुण्यात मुक्काम. पेठांतले रस्ते बंद, म्हणून घरूनच काम. दुपारी ताटावरून उठते तोच ऑफिसचे फोन सुरू झाले. ओपनबीएसडीवाल्यांच्याच ओपनएसएसएचमध्ये भोक सापडलंय, बाहेरून थेट रूट मिळतं म्हणे. 'रेग्रेशन' या शब्दातच एसएसएच कोंबून नावही दिलंय. नाव मिळालेला बग साहेबांपर्यंत लवकर पोचतो.

ते भोक शोधणाऱ्या क्वालिसचं टिपण शांतपणे वाचलं. कुणी लॉगिन करायला येतं, १२० सेकंदांत ओळख पटवत नाही, तेव्हा एक सिग्नल सुटतो आणि एसएसएचडी त्या पाहुण्याला बाहेर काढतो. सिग्नल कधीही येतो. प्रोग्राम मेमरीचा हिशेब अर्धा लिहून थांबला असतानाही येतो. म्हणून सिग्नल हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये मोजक्याच गोष्टी करायला परवानगी असते. इथे मात्र त्याने जाता जाता लॉगमध्ये नोंद करायला सिसलॉग बोलावलं. ग्लिबसीचं सिसलॉग आतून मेमरी मागतं. अर्धवट हिशेबावर दुसरा हात पडतो आणि हल्लेखोराला हवी ती गडबड होते. ३२ बिटी लिनक्सवर सरासरी दहा हजार प्रयत्नांत ही शर्यत जिंकता येते, सहा ते आठ तासांत रूट. ६४ बिटीवर त्यांनी करून दाखवलेलं नाही, पण जमणार नाही असंही ते म्हणत नाहीत.

ऑफिसातले सगळे सर्व्हर ६४ बिटी लिनक्सचे. नवी पॅकेजं येईपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून लॉगिनग्रेसटाइम शून्य करायचं ठरलं. वेळेची मर्यादाच नाही, तर सिग्नलही नाही. मी मीटिंगमध्ये सांगितलं की याने घुसखोरी टळते, पण नुसती येऊन बसणारी कनेक्शनं मग कधीच निघत नाहीत आणि खऱ्या माणसाला जागा उरत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बदल रात्री आठच्या आत सगळीकडे गेला.

ओपनबीएसडीवर हा हल्ला चालत नाही.

२ जुलै, मंगळवार

का चालत नाही, हे रात्री लॉग काढून पाहिलं. यातली हकिगत बातम्यांत येणार नाही, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

नेमका हाच बग २००६ मध्ये मार्क डाउड यांना सापडला होता. ४.४ आवृत्तीत तो मिटला. कसा? तर धोक्याच्या त्या लॉग-नोंदीभोवती एक अट घातली: जिथे सिग्नलच्या आतून लॉग लिहिणं सुरक्षित आहे तिथेच लिही, नाहीतर मुकाट्याने बाहेर पड. चौदा वर्षं ती अट इमानाने उभी होती. २०२० च्या ऑक्टोबरात लॉगचा सगळा कोड नव्याने लावला, चांगल्या हेतूने, स्वच्छतेसाठी. त्यात ती अट गळली. २०२१ च्या मार्चमध्ये ८.५ आवृत्तीबरोबर ती उणीव जगभर गेली. काल ९.८ ने ती भरून काढली.

ओपनबीएसडीत २००१ सालीच सिसलॉगचं दुसरं रूप केलेलं आहे, सिग्नलच्या आतून निर्धास्त बोलावता येईल असं. एसएसएचडीचा हा हँडलर तेच बोलावतो. म्हणजे घरच्या सिस्टिमवर त्या अटीची गरजच नव्हती. माझा तर्क असा की गरज नव्हती म्हणूनच ती गळलेली कुणाच्या लक्षात आली नाही. ज्याच्या मशीनवर दुखत नाही त्याला ते औषध कचरा वाटू शकतं. कोड स्वच्छ करणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण त्या अटीशेजारी दोन ओळींत २००६ ची गोष्ट ठळक लिहिलेली असती, किंवा ती अट काढली की मोडणारी एखादी चाचणी असती, तर हात अडला असता.

ओपनबीएसडीवाल्यांनी फार मिरवायचंही कारण नाही. ९.८ च्या त्याच घोषणेत दुसरा बग आहे, क्लायंटमधला. टाइप करताना दोन कळांमधल्या वेळेवरून कुणी पासवर्ड ताडू नये म्हणून ९.५ मध्ये खोट्या कळांची पाकिटं सोडायची युक्ती आली. तिच्यातल्या तर्कदोषामुळे खरी पाकिटं ओळखू येत होती. तो इथेही होताच. सिसपॅच चालवला, झालं.

१७ जुलै, बुधवार

एकादशी. खिचडी. एका मॅन्युअलमध्ये 'हेही पाहा'खाली केव्हाच काढून टाकलेल्या प्रोग्रामचा उल्लेख होता, त्याचा डिफ पाठवला. तासाभरात आत गेला. आजच्यापुरतं एवढंच.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर धो धो. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या सोसायट्यांत शिरलं. तिकडच्या मैत्रिणीचा पहाटे फोन, गाडी पाण्याखाली. आम्ही धनकवडीत वर आहोत, इथे फक्त वीज गेली. यूपीएसने जेमतेम साथ दिली आणि कोपऱ्यातलं मशीन धाडकन बंद पडलं.

वीज आल्यावर बूट होताना स्क्रीनवर इंग्रजीत जे आलं त्याचा अर्थ: फाइल सिस्टिमची आपोआप तपासणी फसली, मदत! उद्गारचिन्हासकट. ही हाक बीएसडीत फार जुनी आहे, आणि मला ती फार आवडते. दुसऱ्या सिस्टिम अशा वेळी गोल फिरणारं चाक दाखवतात.

ओपनबीएसडीची एफएफएस ही फाइल सिस्टिम १९८० च्या दशकातली, बर्कलीच्या ४.२ बीएसडीची. तिला जर्नल नाही. कोणता ब्लॉक कुणाचा हा हिशेब वीज जाताना अर्धा राहिला, तर एफएससीके सगळी डिस्क चाळून तो पुन्हा मांडतो. पूर्वी सॉफ्ट अपडेट्स नावाची सोय होती, लिहिण्याचा क्रम सांभाळणारी. गेल्या वर्षी ७.४ मध्ये ती बंद केली. कोड इतका गुंतलेला की त्याच्या भोवतीचं काहीही सुधारायला गेलं तर आधी त्याची समजूत काढावी लागायची, आणि तो पूर्ण कळणारा माणूस सापडेना. कुणालाच न कळणारी गोष्ट चालू ठेवण्यापेक्षा काढलेली बरी, असा हिशेब. मला तेव्हा राग आला होता. आज एफएससीके एकेक प्रश्न विचारत असताना तो थोडा परत आला. तरी निर्णय बरोबर आहे, असंच मला वाटतं.

एक बेवारस फाइल हरवले-सापडले डिरेक्टरीत गेली, नावाऐवजी नंबर लावून. उघडली तर संपादकाची तात्पुरती प्रत. काही गेलं नाही.

७ ऑगस्ट, बुधवार

गेल्या महिन्यात जगभरची विंडोज मशीनं निळी पडली होती, त्याला कारणीभूत ठरलेल्या क्राउडस्ट्राइक कंपनीचा अहवाल आला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीनं. मूळ काय? एका नमुन्याच्या व्याख्येत २१ खाने, कोड पुरवायचा २०. आधीच्या फाइलींत एकविसाव्या खान्यात 'काहीही चालेल' असं लिहिलेलं, म्हणून तिकडे कुणी बघायचंच नाही. १९ जुलैच्या फाइलीने पहिल्यांदा तिथे खरंच पाहायला सांगितलं, आणि कर्नलच्या आत रांगेपलीकडची जागा वाचली गेली.

एकने चुकण्याची ही जात अमर आहे. २००८ मध्ये ऑटो मूरबेक ओपनबीएसडीसाठी मेमरी वाटणारं नवं मॅलॉक लिहीत होते. स्पार्क६४ वर मोठे सी प्लस प्लस प्रकल्प बांधताना कंपाइलरच कोसळायला लागला. सगळ्यांचा संशय अर्थातच नव्या मॅलॉकवर. खणत खणत ते पार्सर तयार करणाऱ्या याकपर्यंत गेले. त्याच्या स्टॅकच्या मर्यादेची तपासणी एका घराने चुकलेली. जुनं मॅलॉक तेवढं पलीकडे लिहिलेलं पोटात घालायचं, नवं घालेना. चुकीचा माग त्यांनी मागे मागे काढला तर थेट १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सपर्यंत. तेहेतीस वर्षं. यात माझी दाद चुकीच्या वयाला नाही, 'मॅलॉक बदललं की बिघडतं, तर मॅलॉक जुनंच ठेवा' असं ते म्हणाले नाहीत, याला आहे.

त्याच वर्षी मार्क बाल्मर यांना डिरेक्टरी वाचणाऱ्या फंक्शनांत ४.२ बीएसडीपासूनचा, म्हणजे पंचवीस वर्षं जुना बग सापडला. सांबाच्या लोकांना त्याची लक्षणं केव्हाच माहीत होती. त्यांनी आपल्या कोडमध्ये वळसा घालून ठेवला होता, वर तशी टीपही लिहिली होती. वळसा चालला, म्हणून मुळाकडे कुणी गेलं नाही.

८ सप्टेंबर, रविवार

गणपती बसले. भाच्याने फोटोंचे फोल्डर मराठीत नावं देऊन माझ्या मशीनवर टाकले आणि एका जुन्या यादी-प्रोग्रामची उभी रांग पार वाकडी झाली. कारण उघड आहे: तो रुंदी बाइटांत मोजतो, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. 'पुणे' बारा बाइट, 'सातारा' अठरा.

नुसती चिन्हं मोजूनही भागत नाही. 'पुणे'मध्ये चार चिन्हं, पण उकार आणि मात्रा टर्मिनलवर वेगळी जागा घेत नाहीत, म्हणून रुंदी दोन. 'सातारा'मध्ये सहा, आणि काना युनिकोडच्या वर्गवारीत जागा घेणारा, म्हणून रुंदी सहा. 'कोल्हापूर'ची चिन्हं नऊ, रुंदी सात. मूळ सिस्टिमचं एलएस हे २०१६ च्या ५.९ पासून नीट करतं, त्याच्याबरोबर कट, डब्ल्यूसी, पीएस वगैरेही. तेव्हा कुणी तरी बसून एकेक प्रोग्राम तपासला होता. या बाहेरच्या प्रोग्रामला एलएसचाच कोड समोर ठेवून डिफ केला. तपासायला युरोपियन नावं पुरत नाहीत. त्यांना काना-मात्रा नाहीत. चाचणीत ही तीन गावं घातली आहेत. लॅटिन अक्षरांवर जगणाऱ्या कुणी पुढे हा भाग साफ करायला घेतला, तर कोल्हापूर आडवं येईल.

८ ऑक्टोबर, मंगळवार

७.६ आलं, सत्तावन्नावं रिलीज. घरची मशीनं संध्याकाळी चढवली. नोंद करण्यासारखं काही झालं नाही. '३२ बिट कोण वापरतं' म्हणणाऱ्या लेखकाने शेवटी डिफ घेतला आहे, सगळ्या जागांसकट, आणि कंपाइलरचे इशारे आता तो चूक म्हणूनच धरणार आहे. छान.

दिवस मात्र ऑफिसात गेला. सकाळपासून एका सर्व्हरवर कुणालाच लॉगिन होईना, आणि तपासणाऱ्या मुलाने नेटवर्कवाल्यांना धारेवर धरलं होतं. मी बसून कनेक्शनं मोजली: ओळख न पटवता नुसती लटकलेली, काही तर कित्येक दिवसांची. कॉन्फिग उघडली. लॉगिनग्रेसटाइम शून्य. पॅकेज जुलैतच नवं झालं होतं, ओळ तशीच राहिली. शेजारी कारण नाही, तारीख नाही, नाव नाही. मुलगा म्हणाला, "मॅडम, ती सिक्युरिटीची सेटिंग आहे, काढू नका असं सांगितलंय." कोणी सांगितलं ते त्याला आठवेना.

ओळ काढली. मर्यादा १२० वर आणली, वर टीप लिहिली: १ जुलै २०२४ ला का शून्य केलं होतं, कोणत्या आवृत्तीपासून गरज नाही, आज का काढलं, माझं नाव. एसएसएचडी पुन्हा सुरू केला, लटकलेली कनेक्शनं तोडली, लोक आत येऊ लागले. मग मुलाला शेजारी बसवून सांगितलं, आता हीच ओळ बाकीच्या सगळ्या सर्व्हरांवर शोध. त्याने ग्रेप लावला, आणि यादी स्क्रीनच्या वर सरकायला लागली.